शेखसर, काळा पडदा आणि माझी पाटी

कॉम्प्युटरला नाव द्यायचं झालं, तर ते त्याच्या पडद्यावर चिकटवू नये. एवढी गोष्ट आज माझ्या नातीलाही कळते. मला कळत नव्हती, आणि मी तेव्हा शाळेत कॉम्प्युटरच शिकवत होते! पांढऱ्या कागदावर स्केचपेननं झोकात 'नगर' असं लिहून, खाली यंत्राचा नंबर टाकून, ती पाटी मी पडद्याच्या कपाळावर डकवली होती आणि नव्या नवरीला बघावं तशी चार पावलं मागं होऊन बघितलीही होती. त्या पाटीपायी एका आठ वर्षांच्या मुलीला वाटायला लागलं की आईबापांनी आपल्याला टाकून दिलं. आणि तिच्या बापाला, एका भल्या माणसाला, मी फोनवर नाही नाही ते बोलले. तो माणूस गेल्या महिन्यात गेला.

सकाळी चहा गाळत होते. ओट्यावरचा फोन थरथरला. शाहीनचा मेसेज… "अब्बा पहाटे गेले." शाहीनला ऐकू येत नाही, त्यामुळे धीराचे दोन शब्द बोलायलासुद्धा मला तिचा चेहरा समोर लागतो. फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि व्हिडिओ लावला. माझी बोटं आता संधिवातानं वाकडी झाली आहेत, त्यामुळे माझ्या खुणा म्हणजे बोबडे बोल. तरी ती समजून घेते. काही दिवसांनी तिनंच सुचवलं, "अब्बांवर लिहा. पण खरं लिहा. साखर घालू नका, त्यांना होती तेवढी पुरे झाली." बापाचीच जीभ, फक्त हातांत उतरलेली.

तर खरंच लिहिते. शेखसर कोल्हारजवळच्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. मी नगरला, त्याच संस्थेच्या मूकबधिर शाळेत. (आता अहिल्यानगर म्हणायला हवं, पण त्या पाटीवर 'नगर' होतं आणि सगळा घोळ त्या पाटीचाच आहे.) नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्या अध्यक्षांना कुठल्याशा प्रदर्शनात दोन गावांतली माणसं पडद्यावर एकमेकांशी बोलताना दिसली आणि त्यांनी ध्यास घेतला, आपल्याकडे हे पाहिजे. मग नगर ते कोल्हार एक खास टेलिफोनची लाइन घेतली गेली, पुण्याहून इंजिनियर आला, आणि सुपारीएवढ्या भिंगाचे कॅमेरे आले. नगरला दोन यंत्रं बसली. एक माझ्या प्रयोगशाळेत, रोजच्या वापराला. दुसरं अध्यक्षांच्या केबिनमध्ये, पाहुण्यांना दाखवायला. अध्यक्ष क्वचित यायचे, पाहुणे त्याहून क्वचित. पण शिपाई रोज सकाळी केबिन उघडून केर काढायचा, यंत्र चालू करायचा आणि पुन्हा कुलूप लावायचा. साहेबांचा हुकूमच होता तसा.

मी त्या वेळी पंचेचाळिशीत होते आणि सहा महिन्यांचा कोर्स करून आले होते. चष्म्याला साखळी, पर्समध्ये फ्लॉपीचा डबा, आणि बोलण्यात असा तोरा की जणू मायक्रोचिप माझ्याच माहेरी जन्मली! कॅमेऱ्यावर धूळ बसते म्हणून मी क्रोशानं दोन टोपडी विणली होती, गुलाबी, गोंडेवाली. पुण्याचा इंजिनियर ती टोपडी बघून बाहेर जाऊन हसून आला. मला वाटलं, पान खायला गेला.

पाहुण्यांसाठी आणलेली ही यंत्रं खऱ्या कामाला लावली ती शेखसरांनी. शाहीन त्यांची लेक, आमच्या वसतिगृहात राहायची. बहिऱ्या मुलीला टेलिफोनचा काय उपयोग? सर एक रविवार सोडून एसटीनं भेटायला यायचे, पण आई, रझियाभाभी, यांना ते नेहमी जमायचं नाही. म्हणून सरांनी अध्यक्षांची परवानगी काढली, की दर शनिवारी दुपारी लाइनीची चाचणी घ्यावी. चाचणी कसली! कोल्हारच्या पडद्यासमोर भाभी बसायच्या, नगरच्या पडद्यासमोर शाहीन. चित्र अडखळत यायचं. हात वर गेलेला दिसे, खाली आलेला दिसे, मधलं गायब. बहिऱ्यांच्या बोलण्यात तर सगळं मधेच असतं. तेव्हा मायलेकींनीच तोडगा काढला. हात मोठे करायचे, सावकाश हलवायचे, शेवटी क्षणभर थांबवायचे. पाण्याखाली बोलावं तसं ते बोलणं चालायचं. मी बाजूला बसून स्वेटर विणायची आणि चोरून बघायची. शाहीन मला एकेक खूण शिकवायची आणि माझी खूण चुकली की कपाळावर हात मारून घ्यायची. रविवारी मला सुट्टी, त्यामुळे शेखसर आणि मी मात्र तोवर एकमेकांना नीट भेटलोही नव्हतो. चित्राच्या कोपऱ्यात दिसणारा एक खांदा आणि टेलिफोनवरचा खर्जातला आवाज, एवढीच माझी त्यांची ओळख.

आणि मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. शाळेत टाइपरायटर, कात्र्या, सायक्लोस्टाइल मशीन, सगळ्यांची. मी म्हटलं, कॉम्प्युटर का वगळायचे? आणि जागच्या जागी हळदकुंकू लावून माझं समाधान होईना. सगळं एका टेबलावर मांडायचं, चौरंगासारखं! शिपायानं आणि मी वायरी काढल्या, दोन्ही यंत्रं, त्यांचे पडदे, त्यांचे खालचे डबे, सगळं हॉलमध्ये आणलं. झेंडूचे हार, उदबत्ती, पेढे. मुलांनी त्यांच्या पद्धतीनं टाळ्या वाजवल्या, म्हणजे दोन्ही पंजे हवेत हलवले. संध्याकाळी सगळं परत जागेवर. मी मोठ्यांदा सूचना देत होते, "पाट्या बघून ठेवा रे! 'नगर' माझ्या खोलीत, 'साहेब' केबिनमध्ये!" पाट्या बघूनच ठेवलं. पाट्या पडद्यांना होत्या. आणि खालचे डबे, ज्यांच्या पोटात यंत्राचं खरं नाव आणि खरा नंबर असतो, ते जुळ्या भावंडांसारखे एकसारखे. पडदे आपापल्या घरी गेले आणि डबे एकमेकांच्या! हे मला तेव्हा कळलं असतं, तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

त्याच आठवड्यात वसतिगृहात कांजिण्या शिरल्या. एकेक करत मुलं अंथरुणाला लागली. शाहीनला अजून आल्या नव्हत्या, म्हणजे कधीही आल्या असत्या. इकडे रझियाभाभींना सातवा महिना, आणि त्यांना लहानपणी कांजिण्या कधी झालेल्याच नव्हत्या. शेखसरांनाही नाही. डॉक्टरांनी बजावलं, पोटातल्या बाळाला धोका आहे. मुलीनं घरी जायचं नाही, बापानं इकडे यायचं नाही, दिवाळीची सुट्टीसुद्धा मुलीनं इथंच काढायची. आणि शनिवारी पडदाही बंद पडला. घर बंद, रविवार बंद, पडदा बंद, सगळं एकदम. आठ वर्षांच्या मुलीनं यातून काय समजायचं? सरांनी पत्रं पाठवली. वर्गशिक्षिका ती खुणांनी वाचून दाखवायच्या. शाहीन तोंड फिरवायची. पत्र कुणीही लिहितं.

एके दिवशी वसतिगृहातल्या मावशी मला म्हणाल्या, "बाई, पोरगी जेवत न्हाई. आन् सारखी एकच खून करती. बगा तुमी." मी गेले. शाहीननं माझ्याकडे बघितलं, कानाला बोट लावलं, दोन्ही हातांचा पाळणा करून झुलवला, मग स्वतःकडे बोट दाखवून हात असा झटकला, जसा आपण कोळ्याचं जाळं झटकतो. मला सगळ्या खुणा येत नव्हत्या, पण ही समजायला शिकावं लागलं नाही. त्यांना आता ऐकणारं बाळ होणार. मी नको झाले.

आता मला पडदा चालू करायचाच होता. आणि इथून सुरू झाली माझी आणि शेखसरांची लढाई. शनिवारी दुपारी प्रयोगशाळेतल्या टेलिफोनवर मी, तिकडे ते. वर्गात ते शुद्ध बोलायचे म्हणे. राग आला की थेट कोल्हार.

"बाई, इथं जोडलंय म्हनतंय."

"काय जोडलंय? माझ्या पडद्यावर काहीही आलेलं नाही."

"मी 'नगर' टाकलं. तिकडून उत्तर येतंय, यंत्र उचलतंय. पर चित्र काळंकुट्ट."

"मग तुमचा कॅमेरा बिघडला असेल."

"माझा कॅमेरा बिघडल्यावर तुमचं चित्र काळं कसं हुईल, बाई?"

मग मी अजून आवाज चढवून दुसरंच काहीतरी म्हणायची. आज हसू येतं, पण तेव्हा डोळ्यांत पाणी यायचं, संतापाचं. यंत्रांचं असं असतं, की प्रत्येकाला एक नंबर असतो. तो लक्षात राहात नाही म्हणून नावं देतात, आणि कुठल्या नावाचा कुठला नंबर हे प्रत्येक यंत्राला आधी सांगून ठेवतात. आपण 'नगर' टाकलं की यंत्र आपलं आपण नंबर काढतं आणि हाक मारतं. सरांची हाक बरोबर जात होती, हाकेला 'ओ' येत होती, आणि मी तर मुकाट बसलेल्या यंत्रासमोर बसून होते! मी इकडून 'कोल्हार' टाकलं की माझं यंत्र म्हणायचं, असं कुणी मला माहीत नाही. अरे, कालपर्यंत रोज बोलत होतास! नंबर टाकून बघितला, तरी लाइन पुढे जाऊ देईना. लाइनीच्या तोंडाशी पुण्याच्या इंजिनियरनं एक पेटी बसवली होती. लाइन तुंबू नये म्हणून ती नगरच्या एकाच यंत्राला सोडायची, माझ्या; साहेबांच्या यंत्राची जोडणी पाहुणे येतील त्या दिवशी इंजिनियर येऊन करणार होता. म्हणजे, जे माझं आहे असं मी समजत होते त्याला.

सर विचारायचे, "तुमच्या यंत्राचा नंबर काय हाय, बघून सांगा." आणि मी, कोर्स केलेली, साखळीचा चष्मा लावलेली बाई, मान वर करून पाटी वाचायची. दर वेळी! "तोच आहे. मी स्वतःच्या हातानं लिहिलाय." यंत्राला विचारायला दोन शब्द टाइप करावे लागले असते. पण आपल्याच अक्षरात लिहिलेल्या गोष्टीची खात्री कोण करतं? सरांनीही मग तो विषय सोडला. बाईंचं अक्षर म्हणजे पत्थर की लकीर. त्यांनी त्यांचा कॅमेरा खोलून पुन्हा लावला. मी फ्लॉप्या एकामागून एक घालून व्हिडिओचा सगळा प्रोग्राम नव्यानं भरला. मी टेलिफोन खात्याला दोष दिला, त्यांनी आमच्या वायरिंगमधल्या उंदरांना. एकदा मी म्हणाले, "तुम्हाला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला कुणी ठेवलं?" त्यावर ते शांतपणे म्हणाले, "ज्यांनी तुमाला कॉम्प्युटर शिकवायला ठेवलं, त्यांनीच." आणि फोन ठेवला.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शनिवार. ज्यांना कांजिण्या होऊन गेल्या होत्या, अशा मुलांना पालक न्यायला येत होते. अंगणात ट्रंका, पिशव्या, मिठ्या. शाहीन नव्या रिबिनी बांधून माझ्या शेजारी बसली होती, पडद्याकडे न बघता. मी टेलिफोनवर.

"बाई, आज शेवटचं. रझिया बसलीय इथं. पडदा काळाच हाय."

"मग बसवता कशाला त्यांना? या अवस्थेत तिथवर चालत आणता?"

"मी न्हाई आनत. तीच येती."

मी काहीतरी टोचून बोलले असणार आणि शाहीननं माझा चेहरा वाचला असणार, कारण वळून बघते तो शाहीनची खुर्ची रिकामी. फोन टेबलावर तसाच टाकून मी बाहेर धावले. अंगणात नाही, पाण्याच्या टाकीशी नाही. व्हरांड्याच्या टोकाला अध्यक्षांच्या केबिनची खिडकी होती, काचेची, आत अर्धवट ओढलेला कापडी पडदा. तिथं शाहीन उभी होती. नाक काचेला चिकटलेलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तरी ती हलली नाही. तिचे दोन्ही हात वर होते आणि ती काचेशी बोलत होती… सावकाश, मोठ्या खुणा, शेवटी थांबून. पाण्याखालचं बोलणं.

मी तिच्या डोक्यावरून वाकून आत बघितलं. साहेबांची टॉवेल टाकलेली खुर्ची, टेबलावर सुकलेला झेंडू, आणि साहेबांच्या पडद्यावर रझियाभाभी. अडखळत, चौकटीचौकटीनं, पण रझियाभाभीच. एक हात पोटावर ठेवून दुसऱ्या हातानं सावकाश सांगत होत्या.

मला आधी काही उलगडेना. मग माझ्याच गुलाबी टोपड्यावर नजर गेली. केबिनमधला कॅमेरा टोपडं घालून बसला होता, गोंड्यासकट. सरांना काळं दिसणार नाही तर काय? उचलायला कुणी नसलं तरी यंत्रानं आपणहून हाक घ्यावी, ही सोय मीच माझ्या डब्यात करून ठेवली होती, कारण शनिवारी मला यायला उशीर व्हायचा. तो शहाणा डबा अध्यक्षांच्या टेबलाखाली बसून इमानेइतबारे प्रत्येक हाक घेत होता. आणि भाभी… दर शनिवारी कोल्हारच्या त्या खोलीत येऊन, समोर काळा पडदा असताना, यंत्र जोडलंय म्हणतंय तर तिला दिसत असेल, एवढ्या भरवशावर लेकीशी बोलत होत्या. समोर कोण होतं? एक टॉवेल.

ऑफिसातून किल्ली आणताना माझी चप्पल कुठं निसटली मला कळलं नाही. कुलूप उघडलं, शाहीनला साहेबांच्या खुर्चीत बसवलं आणि टोपडं ओढून काढलं. पडद्यावर भाभींचा हात अर्ध्यात थांबला. मग चित्राच्या कोपऱ्यातला तो खांदा पुढे आला, आणि पहिल्यांदा मला शेखसरांचा चेहरा पुरता दिसला. दाढी वाढलेली, तोंड उघडं. काहीतरी ओरडत असणार. आवाज यायची सोयच नव्हती.

शाहीननं एक क्षणही वाया घालवला नाही. कान, पाळणा, स्वतःकडे बोट, आणि ती झटकणी. भाभींनी मान हलवली. नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते त्या इतके दिवस टॉवेलला सांगत आल्या असाव्यात, कारण एकही खूण चुकली नाही. बाळाला ऐकू येईल की नाही, मला ठाऊक नाही. हातांचं बोलणं मात्र त्याला शिकवावंच लागेल. मला अजून सगळं येत नाही. तू शिकव. त्या थांबल्या, पुन्हा हात उचलले. तू आल्याशिवाय बाळाचं नाव ठेवायचं नाही.

शाहीननं रडण्याऐवजी काय करावं? आईची एक खूण जरा तिरपी होती, ती तिनं आधी दुरुस्त करून दाखवली. मग रडली.

बाळ पौषात झालं. मुलगा. कांजिण्या तोवर सरल्या होत्या, आणि नाव शाहीननंच ठेवलं, आधी हातांचं, मग कागदावरचं. पुढे सर आणि मी पुष्कळ भेटलो. कोल्हारला गेले की ते मला प्रवरेच्या पुलापर्यंत पोचवायला यायचे आणि वाटेत भांडायचे, कारण आता सवय लागली होती. दर खंडेनवमीला त्यांचा फोन ठरलेला. "बाई, डबे जागेवर हायत का?" निवृत्तीनंतर घरी ना डबे उरले ना पाट्या, तरी फोन यायचाच. गेल्या वर्षी आवाज खोल गेला होता. मी म्हटलं, "सर, औषधं घेता ना?" म्हणाले, "घेतो. पर पाटी बघून न्हाई, डबा उघडून."

मला इतक्या वर्षांत कितीदा वाटलं, शाहीनला सगळं सांगून टाकावं. आज ती स्वतः बहिऱ्या मुलांची शिक्षिका आहे, मुलांना ती त्या शनिवारची गोष्ट आवडीनं सांगते, आणि त्या गोष्टीत पाटीही नाही आणि मीही नाही. आता तीच म्हणाली खरं लिहा, आणि ज्यांना मी शब्द दिला होता ते नाहीत. त्या शनिवारी संध्याकाळी मी कोल्हारला फोन लावला होता. डबे तपासून झाले होते, पाटी फाडून झाली होती, आणि मला एका दमात सगळं कबूल करायचं होतं. मी केलं. मी रिसीव्हर कानापासून थोडा लांब धरला, आता तोफ सुटणार म्हणून. शेखसर म्हणाले,

"बाई, चूक कुनाची ते साहेबांना सांगा, पुन्याच्या इंजिनियरला सांगा, वाटलं तर पेपरात छापून आना. शाहीनला तेवढं सांगू नका. पोरीला वाटतंय, आई कुठंतरी हरवली हुती आन् तिनं एकटीनं हुडकून काढली."